उरलेलं

पाषाणच्या गच्चीवर पंप रात्रभर घुरघुरतो.
सकाळी सातला चिमट्यानं कागद उचलायचा,
बोट लावायचं नाही.
बोटालाही मीठ असतं.

बांगडीएवढा गोल कागद.
जानेवारीत तो तव्याच्या पाठीकडे झुकतो,
जुलैत कोराच वाटतो.
नसतो.

दुसरा कागद हर्णैहून येतो,
एसटीच्या पार्सलनं, बर्फाच्या पिशवीशेजारी,
आणि सोबत शरफुद्दीन मुकादमांची चिठ्ठी:
वारा नैऋत्य. होड्या वर ओढलेल्या.
एक पतंग जाळीला चिकटून मेला, काढला.

हिशेब साधा आहे.
आधी सोडियम मोजायचं,
त्याच्या पाव पट सल्फेट समुद्राच्या नावे टाकायचं,
आणि राहील ते शेवटच्या रकान्यात: उरलेलं.
रकान्याच्या डोक्यावर कुणीतरी, माझ्या आधीच्या कुणीतरी,
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: माणसाचं.

जुलैत हर्णैचा शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा.
समुद्र स्वतःचं बिल स्वतः भरतो.
त्याच आठवड्यात पाषाणच्या कागदावरही
चिमूटभर सोडियम निघतं.
बरंचसं ताम्हिणीत भिजून गळून पडलेलं,
हे मागे राहिलेलं, डोंगर चढून आलेलं.
म्हणजे मंगळवारी बाणेर फाट्यावर
रेनकोटमध्ये रिक्षाची वाट बघत
मी समुद्र ओढत होते छातीत,
आणि रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडत होते.

मग वारा पाठ फिरवतो.
नरक चतुर्दशीच्या पहाटेचा कागद
मी यंत्राआधी नाकानं ओळखते.
(नियमात बसत नाही. वहीत लिहीत नाही.)
डिसेंबरात हवेवर झाकण बसतं,
डिझेल, भट्ट्या, सोसायटीच्या वॉचमनची टायर घातलेली शेकोटी,
सगळं एकाच पातेल्यात,
दहा वाजेपर्यंत ऊन झाकण उचलत नाही.

आणि उचललं की ते जातं कुठं?
मुकादम लिहितात:
दोन दिवस वारा जमिनीकडून.
सुकत घातलेल्या मासळीला तुमच्या गावाची नजर लागली.
मोजलं. खरंच, शेवटचा रकाना भरून वाहत होता.
मी पार्सलच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली:
माफ करा. पुण्याहून आलं असावं. पोच द्यावी.

पोच आली, फेब्रुवारीत, उलट्या पावतीवर:
बाई, उरलेलं सगळं माणसाच्या माथी मारू नका.
पाण्यात डोळ्याला न दिसणारं हिरवं वाढतं,
ते मरताना वास सोडतं,
आम्ही त्या वासावर जाळं टाकतो.
तोही गंधकच ना?
त्याला मीठ नसतं.
मग तुमच्या वहीत तो कुठं बसतो?

कुठंच बसत नव्हता.
मी पट्टी घेऊन एक उभी रेघ मारली,
नवा रकाना, अरुंद, नाव न दिलेला.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, मासेमाराचं म्हणणं.
ते म्हणाले, मोजता येतं ते, वेगळं यंत्र लागतं,
आणि निधीचं काहीतरी बोलत खाली गेले.

एकतीस मार्चला मुकादम निवृत्त झाले.
शेवटच्या डब्यात एकच कागद होता,
पंपात बसवलेला, पण पंप सुरू न केलेला.
दर महिन्याला असा एक पाठवावाच लागतो,
कोरा, नुसता प्रवास केलेला.
चिठ्ठी नव्हती.

पाण्यात भिजवला, यंत्रात सोडला.
सल्फेटच्या जागी रेघ जराशी उचलली, खाली बसली.
कोऱ्यातही असतं थोडं.
जे असेल ते महिन्याच्या सगळ्या कागदांतून
वजा करायचं असतं.
केलं.

मग गच्चीवर गेले.
वारा पश्चिमेचा होता,
पण एप्रिलमधला, अजून धड न ठरलेला.
पंपावर पारव्याची विष्ठा.
पुसली.